चौथी रिंग

आमच्या घरातला फोन दिवेलागणीला वाजला की तो कुणीही उचलायचा नाही, असा आबांचा हुकूम होता. पाहुण्यांना हे सांगितलं की ते आधी हसायचे आणि मग आमच्या तोंडाकडे बघून गप्प बसायचे. कारण फोन वाजायला लागला की आई चुलीपुढून उठून उंबऱ्यात यायची, आबा बाजेवरून पाय खाली सोडायचे, मी हातातलं पुस्तक मिटायची, आणि आम्ही तिघं कोनाड्यातल्या त्या लाल डब्याकडे श्वास धरून बघत राहायचो. एक रिंग वाजून फोन बंद झाला तर दादाचा संघ हरला. दोन वाजल्या तर बरोबरी. तीन वाजल्या तर जिंकला. दादा तिकडे परक्या गावातल्या कुठल्यातरी बूथवर रांगेत उभा राहून नंबर फिरवायचा, ठरल्याप्रमाणे रिंगा द्यायचा आणि ठेवून द्यायचा. उचलला की बूथवाल्याचं मीटर पळणार, म्हणून उचलायचा नाही. त्या काळात सगळेच असं करायचे, आमच्याकडे शिस्त जरा जास्त होती इतकंच. आबा फौजेतून हवालदार होऊन परतलेले, घरातलं मीठ संपलं तरी त्यांना त्याचा रीतसर रिपोर्ट लागायचा. बरं, आमच्या टेलिफोन एक्स्चेंजची कृपा अशी, की कधी कधी तिकडच्या तीन रिंगा इकडे दोनच पोचायच्या, आणि जिंकलेला सामना आमच्या घरात रविवारपर्यंत बरोबरीत अडकून पडायचा. रविवारी सकाळी मात्र दादाचा खरा फोन यायचा. तो उचलायचा, भराभर बोलायचं, आणि आईनं रडायला सुरुवात करायच्या आत ठेवायचा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ विलास. तासगावपासून थोडं आत आमचं गाव, घरामागं द्राक्षाची बाग आणि बागेच्या कडेला बेदाणा वाळवायची शेड. आमच्या भागात पोरगं अंगानं भरलं की तालमीत घालायचं किंवा कबड्डीला. फुटबॉल आमच्या घरात आला तो आबांच्या काळ्या ट्रंकेतून. पलटणीच्या संघात ते खेळलेले, आणि सुट्टीवर येताना एकदा त्यांनी खराखुरा चामड्याचा बॉल आणला. बेदाण्याचा हंगाम संपला की शेड रिकामी पडायची, द्राक्षं वाळत घालायच्या जाळ्यांच्या खालच्या मोकळ्या जागेत दादा आणि त्याचे मित्र दिवस दिवस तो बॉल बडवायचे. आई बेदाण्याच्या जाळ्या फाटतात म्हणून ओरडायची. पुढे दादा फौजेत भरती झाला, तिथं त्याचा डावा पाय कुणा साहेबाच्या नजरेत भरला आणि तो फौजेच्या संघात डावा बॅक झाला. गावाला हे काही केल्या पटायचं नाही. "बॉल खेळायचा पगार देतंय व्हय सरकार?" असं पारावर कुणीतरी विचारायचंच. आबा म्हणायचे, "तू नुसता बसतूस, तुला कोण देतंय का?"

त्या वर्षी दादाच्या संघाला राष्ट्रीय लीगच्या खालच्या गटात जागा मिळाली. गावोगाव फिरून सामने, हिवाळ्यात सुरुवात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी शेवट. हे सामने टीव्हीवर दिसायचे नाहीत, रेडिओला त्यांचं सोयरसुतक नव्हतं, आणि आमच्याकडे येणाऱ्या पेपरात क्रिकेटचं पान संपलं की थेट बाजारभाव. म्हणून तर रिंगांची ही युक्ती निघाली. पहिले काही सामने मोठ्या मजेत गेले. तीन रिंगा वाजल्या की आई हातावर साखर ठेवायची, एक वाजली की म्हणायची, "ऱ्हाऊ दे. आज रेफरीच वाईट आसंल." रेफरी म्हणजे काय हे तिला मीच सांगितलं होतं. तिच्या डोळ्यांपुढे तो कायम आमच्या विकास सोसायटीच्या चेअरमनसारखा दिसायचा.

आणि मग सीमेवर फौजा जमू लागल्या. आमच्या भागात लढाई पेपरातून कळत नाही, एस.टी. स्टँडवर कळते. सुट्टीवर आलेली पोरं एकाएकी हिरव्या ट्रंका घेऊन स्टँडवर दिसायला लागली. आमच्या शेजारच्या पारूकाकूचा महादेव घरावर नवे पत्रे घालायला म्हणून सुट्टी काढून आला होता. निम्मे पत्रे ठोकून झाले आणि त्याला बोलावणं आलं. उरलेले पत्रे भिंतीला टेकवून तो निघून गेला, आणि त्या हंगामभर वारा सुटला की ते पत्रे खडाखड वाजायचे. अजूनही कुठं सैल पत्रा वाजला की मी उठून बाहेर जाऊन बघते. हे कुणाला सांगितलं तर हसतील म्हणून सांगत नाही.

महादेव आणि दादा एकाच पलटणीतले, एकाच कंपनीतले. महादेव सीमेवर गेला आणि दादा फुटबॉल खेळत राहिला, कारण संघाला थांबण्याचा हुकूम आला नव्हता. त्या दिवसापासून आमच्या घरातल्या रिंगांचा अर्थच बदलला. रिंग वाजली म्हणजे दादा मैदानावर आहे. मैदानावर आहे म्हणजे तिकडे नाही. आईच्या मनानं तर याच्याही पुढं झेप घेतली. तिनं ठरवून टाकलं की संघ जिंकत राहिला तरच त्याला ठेवतील. हरला की पोरांना उचलून थेट सीमेवर पाठवतील. आबांनी तिला परोपरीनं समजावलं की लीगमध्ये हरलं तरी पुढचा सामना असतोच. आई म्हणायची, "आवं, हरल्याली टीम कोन कशाला पोसंल?" मीही कॉलेजात जाणारी शहाणी मुलगी, पण दोन रिंगा वाजून फोन बंद झाला की तिसरी का वाजली नाही म्हणून मी कोनाड्यापाशी जाऊन उभी राहायची. आणि आबा, जे पारावर बसून छाती पुढं काढून सांगायचे, "फौजी मानूस लढाईला जायालाच भरती व्हतो, त्यात रडायचं काय?" ते आबा एकच रिंग वाजलेल्या दिवशी दुसरी भाकरी घ्यायचे नाहीत.

या सगळ्यात अवघड असायचं ते पारूकाकूचं येणं. तिच्याकडे फोन नव्हता, महादेवचा फोनही रविवारी सकाळी आमच्याकडेच यायचा. एरवीही ती संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायची. तिच्यादेखत तीन रिंगा वाजल्या तर आम्हाला हसताही यायचं नाही. आई साखरेचा डबा पदराखाली धरून आत जायची आणि माझ्या तळहातावर चोरून चिमूट ठेवायची. एकदा पारूकाकू ते बघून म्हणाली, "खा की गं आक्का, माज्या तोंडाकडं बगून साखर कशाला कडू करतीस? तुजा तरी हाय न्हवं खुशाल." आईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपला मुलगा वाचलाय याचा आनंद होणं, आणि तो शेजारणीपासून लपवावा लागणं, यापरीस मोठी शिक्षा नाही, असं ती मला पुढं कितीतरी वर्षांनी म्हणाली.

फेब्रुवारी उजाडला, द्राक्षं उतरली. शेडमध्ये जाळ्यांवर माल पसरला होता आणि अंगणभर गंधकाच्या धुरीचा वास. आभाळ रोज दुपारनंतर भरून यायचं. अवकाळी पाऊस पडला तर बेदाणा काळा पडणार, म्हणून आबा सारखे वर बघायचे. त्या आठवड्यात एक सामना होता, जरा मोठा. दादानं रविवारी सांगितलं होतं, हा जिंकलो तर वरच्या गटाची आशा आहे. त्या संध्याकाळी आईनं ज्वारीच्या भाकरी थापायला घेतल्या होत्या, शेंगांची चटणी कुटून झाली होती, तव्यावर मिरच्या तडतडत होत्या. पारूकाकू ओट्यावर शेंगा निवडत होती. फोन वाजला.

एक. आई उंबऱ्यात आली. दोन. आबांनी पाय खाली सोडले. तीन. मी टाळी वाजवली, आणि आई पारूकाकूला विसरून मोठ्यांदा "जिकलं गं बया!" म्हणाली. आणि चौथी वाजली.

चौथी आमच्या ठरावात नव्हती. आम्ही एकमेकांकडे बघितलं. आबा म्हणाले, "लय गोल मारलं आसत्याल." पाचवी वाजली. आई म्हणाली, "वरच्या गटात गेलं आसंल. व्हय न्हवं गं सुरेखा?" मी मान हलवली, मला तरी काय कळत होतं. फोन वाजतच राहिला. पारूकाकू मांडीवरचं सूप बाजूला ठेवून उठली. "भावजी, उचला त्यो. कुनाचं तरी लेकरू हाका मारतंय." आबांनी हात आडवा धरला. "न्हाई. ठरलंय ते ठरलंय. उचलला की पोराला भुर्दंड." फोन बंद झाला. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकतोय तोवर पुन्हा वाजायला लागला. यावेळी रिंगा मोजण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आई पिठानं भरलेल्या हातानंच कोनाड्याकडे गेली, आबा "आगं, आगं" म्हणत राहिले, आणि तिनं रिसीव्हर उचलून कानाला लावला. "इलास? इलास?" मग तिनं रिसीव्हर माझ्यापुढं धरला. आत नुसतं भूंऽऽ वाजत होतं.

त्या रात्री आमच्या घरात साखर वाटली. आबांनी छातीठोकपणे सांगितलं की संघ वरच्या गटात गेला, पोरगं आनंदानं येडं झालं, दुसरं काय असणार! पारूकाकूनंही साखर घेतली, पण तोंडात टाकली नाही, पदराच्या टोकाला बांधून घेतली.

रविवारी सकाळी फोन आला तो महादेवचा. आईनं उचलून पारूकाकूला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो तिकडून म्हणाला, "मामी, इलासची काळजी करू नगा. परवाच आलाय हितं, माज्याच तंबूत हाय. तुमास्नी बोलला आसंल की निगायच्या आदी." आईनं फोन पारूकाकूच्या हातात दिला आणि तिथंच जमिनीवर बसली. संघ मोडला होता. शेवटचा सामना खेळून पोरं आपापल्या कंपनीत गेली होती. आणि निघायच्या आधी दादानं घरी फोन केला होता, दोनदा, आणि आम्ही बसून तो वाजताना ऐकला होता.

त्या दिवसापासून आई आबांशी बोलायची बंद झाली. म्हणजे घरातलं सगळं चालू होतं, पण माझ्यामार्फत. "तुज्या बाला सांग, पानी तापलंय." "तुज्या बाला इचार, आनी भाकरी पायजे का." आबा तर हातभर अंतरावरच बसलेले असायचे. त्यांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही. ते पारावर जायचे बंद झाले, दिवस दिवस शेडमध्ये जाळ्यांवरचा बेदाणा वरखाली करत बसायचे. आईनं परात आणि पोळपाट कोनाड्याखाली आणून ठेवला आणि सगळा स्वयंपाक तिथूनच करायला लागली, फक्त भाजायला चुलीकडे जायची. फोन वाजायला लागला न लागला की तिचा हात वर. रिसीव्हरवर सदा पिठाचे डाग. तासगावचा दलाल बेदाण्याचा दर सांगायला फोन करायचा आणि त्याला आधी ऐकावं लागायचं, "इलास?" तो बिचारा म्हणायचा, "न्हाई वैनी, मी तासगावातनं." काही दिवसांनी तो फोन लागल्या लागल्याच ओरडायला लागला, "मी इलास न्हवं हां वैनी!"

दादाचे फोन पुढं क्वचित यायचे, आणि लागले तरी खरखर इतकी की "बरं हाय" एवढंच कळायचं. तिकडे तोफा चालू आहेत, लढाई आज होणार, उद्या होणार, असं रोज टीव्ही सांगायचा. मागच्या वर्षी पुन्हा तसं वातावरण झालं तेव्हा क्रिकेटचे सामने मध्येच थांबवले, आणि माझा मुलगा मोबाइल आपटून म्हणाला, "काय वैताग आहे, आता पुढं काय होणार?" मलाही त्या वयात तेच वाटायचं, पुढं काय होणार. फक्त आमचा सामना वेगळा होता.

लढाई शेवटपर्यंत झाली नाही, आणि ती होत नव्हती तोवर आमचा उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दिवाळीच्या तोंडाशी दादा सुट्टीवर आला. धडधाकट, हात-पाय सगळं जागच्या जागी, रंग रापलेला. आईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, अंगावरून हात फिरवत त्याचं एक एक बोट तपासलं. संध्याकाळी पुरणपोळी आणि कटाची आमटी. दादा भिंतीला टेकून बसला, त्याच्या डाव्या अंगाला आई वाढायला. "आमटी देऊ का रं?" दादा खाली मान घालून जेवत राहिला. "इलास, आमटी?" तो गप्प. आईनं पळी भांड्यात ठेवली. तिचा चेहरा मला आजही दिसतो. इतके महिने मनात साचलेलं सगळं तिच्या तोंडून एकदम बाहेर आलं. "राग हाय न्हवं तुजा? आसू दे. पर बोल की रं. माज्या हातानं उचलला म्या, तवर तू ठिवून दिलास. बोल काईतरी, शिव्या दे, पर बोल!"

तिच्या हुंदक्यानं की माझ्या हालचालीनं कोण जाणे, दादानं मान वळवली. तो गोंधळून तिच्याकडे बघत होता. "काय झालं आये? कवा बोललीस? ह्या बाजूनं मला ऐकू येत न्हाई. गोळा जवळच फुटला एक. ह्यो कान गेला."

आबांनी घास ताटात ठेवला. मला वाटतं, त्यांना सकाळीच कळलं असावं. दादा गल्लीतून येताना कुणाच्या हाकेला वळला नव्हता तेव्हाच. फौजी माणसाला असल्या गोष्टी कळतात. कुणीतरी बोलायला हवं म्हणून मीच विचारलं, "मग आता खेळायचं कसं?" दादा हसला. "मागनं हाक मारल्याली कळत न्हाई गं. डाव्या बॅकला मागनंच तर समदं सांगत्यात." मग तो आबांना म्हणाला, "आबा, त्या दिवशी मी इचारायला फोन केल्ता. टीम मोडली, तवा साहेब म्हणलं, दोघा-तिघांस्नी हितंच ठेवून घेतो, नवीन पोरांस्नी शिकवाय. माजं नाव हुतं त्यात. म्हणलं, सकाळपतोर सांग. मला कळंना. महादेव तितं, आख्खी कंपनी तितं, आन मी हितं बॉल खेळतोय. म्हणून तुमास्नी इचारावं म्हणलं, जाऊ का ऱ्हाऊ. तुमी उचलला न्हाई. मग गेलो."

आईचा हात तोंडावर गेला. मी आबांकडे बघायचं धाडस केलं नाही.

"उचलला असता तर काय म्हणला असता?" दादानं विचारलं. आवाजात तक्रार नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आबा ताठ बसले. पारावर बसायचे तसे. "काय म्हणणार? जा म्हणलो असतो," ते म्हणाले. "कंपनी जातीया आन तू मागं ऱ्हातूस? बरूबर केलंस तू."

दादाचे खांदे सैल झाले. मी ते बघितलं. इतके महिने तो ते ओझं घेऊन फिरत होता आणि ते आत्ता आमच्या स्वयंपाकघरात उतरलं. त्यानं आईकडे उजवा कान करून ताट पुढं केलं आणि म्हणाला, "वाढ आता आमटी."

जेवण झाल्यावर आबा दिसेनात, म्हणून मी कंदील घेऊन शेडकडे गेले. ते रिकाम्या जाळ्यांखाली, जिथं दादा बॉल खेळायचा तिथं बसले होते. मला बघून तेच म्हणाले, "म्या ऱ्हा म्हणालो असतो, पोरी. पाया पडून म्हणालो असतो. त्येला कवा सांगू नगंस." मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि उठून माझ्याआधी घराकडे चालायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्वतः त्यांना म्हणाली, "आवं, चा घ्या." त्यांच्या मनातलं तिला न सांगताच कळलं असावं. माझ्या मध्यस्थीची गरज संपली.

आबा आता नाहीत. पारूकाकूच्या घरावर पत्रे जाऊन स्लॅब आला, महादेव सुभेदार होऊन परतला. आई माझ्याजवळ सांगलीत असते आणि मोबाइल पहिली रिंग पूर्ण व्हायच्या आत उचलते, बँकेच्या जाहिरातीचा फोन असला तरी. दादा साताऱ्यात राहतो. सकाळी मैदानावर पोरांना फुटबॉल शिकवतो, आणि पोरांनी त्याच्याशी बोलायचं ते उजव्या बाजूला येऊनच, असा त्याचा नियम आहे. मी त्याला दर रविवारी फोन करते. तो फोन कुठंतरी डाव्या बाजूला ठेवून पेपर वाचत बसलेला असतो, त्यामुळे रिंग वाजत राहते, वाजत राहते. माझा मुलगा म्हणतो, ठेव आता, मामा नंतर करेल. मी ठेवत नाही. फोन आपोआप बंद झाला की पुन्हा लावते. केव्हातरी तो उचलतोच.

"काय गं सुरे, कवाधरनं वाजतोय का?"

"न्हाई रं दादा," मी म्हणते. "आत्ताच लावला."